मधला कागद

मी एक वही बोलतेय. बोलण्याचा अधिकार मला फारसा उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी जन्मभर गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यानेच एका बाईचं नुकसान झालं. म्हणून आता, उशिरा का होईना, सगळं क्रमाने सांगते.

मी दुकानात मिळते तशी वही नाही. मी औषधाच्या चाचणीची वही. सहा कागद एकात एक घडी घालून, वर जाड कागदाचं मुखपृष्ठ लावून, पाठीत दोन पिना मारून मला तयार केलं. पानं चोवीस. पहिल्यावर सूचना, मग एकवीस दिवसांची एकवीस पानं, त्यानंतर फोन नंबरांचं पान आणि शेवटचं कोरं. प्रत्येक दिवसाच्या पानावर तेच प्रश्न: गोळी किती वाजता घेतली, ताप, उलटी, जुलाब किती वेळा, चालताना तोल जातो का. खाली 'आणखी काही त्रास' असं लिहून तीन रिकाम्या ओळी. छापखान्यातून आमचा साठ जणींचा गठ्ठा आला. सगळ्या हुबेहूब सारख्या. वेगळेपण काय ते मुखपृष्ठावर हाताने टाकलेल्या क्रमांकात.

चाचणी होती ती फुप्फुसातून मेंदूत पोचलेल्या कॅन्सरवरची. बहुतेक औषधं म्हणे मेंदूच्या दारातूनच परत फिरतात. एक गोळी आत शिरते असं दिसलं होतं. दुसरं एक औषध सलाइनमधून द्यायचं होतं. दोन्ही औषधं वेगवेगळी देऊन झाली होती. दोन्ही एकत्र दिली तर शरीर किती सोसेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच शोधायचं होतं.

मी ज्यांच्या हाती गेले ते बाइंडर होते. पुस्तकं बांधण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. मला हातात घेताच त्यांनी वाचलं नाही, उलटून पाठ पाहिली आणि म्हणाले, "पिना गंजतील."

"त्या गंजायच्या आत वही माझ्याकडे परत यायला हवी," समोरच्या ताई म्हणाल्या. त्या चाचणीच्या सगळ्या नोंदी सांभाळायच्या. त्यांना सगळे वहीताईच म्हणत. त्यांनी बाइंडरांना एक नाही, दोन वह्या दिल्या: पहिल्या फेरीसाठी मी आणि दुसऱ्या फेरीसाठी माझी जुळी.

"काका, नीट ऐका," वहीताई म्हणाल्या. "आपण पायरी-पायरीने वर चाललोय. एका पायरीवर तीन माणसं. तिघांना एकवीस दिवसांत मोठा त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना डोस थोडा वाढवून देतात. त्रास झाला तर थांबतात. तुम्ही दुसऱ्या पायरीवरचे तिसरे. म्हणजे तुमच्या या वहीवर पुढच्यांचा डोस ठरणार."

"एवढीशी वही, आणि एवढा भार?"

"आणि खोडायचं नाही. व्हाइटनर लावायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे."

"म्हणजे चूकसुद्धा जपून ठेवायची?"

"चूक सगळ्यात आधी," वहीताई म्हणाल्या.

हे सगळं मी कानांनी ऐकलंय. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

घरी आले ती दोन खोल्यांच्या, खालच्या मजल्यावरच्या घरात. पुढच्या खोलीत पाळणाघर. बाइंडरांची बायको अकरा मुलं सांभाळायची. तिला मुलं, मुलांच्या आया आणि पुढेपुढे मीही मावशीच म्हणू लागले. मागच्या खोलीत पुठ्ठे, कापडाचे गुंडाळे, खळीचा डबा आणि दाबाचं यंत्र. यंत्रावर धूळ बसली होती. बाइंडरांच्या मेंदूत डाव्या बाजूला जे डाग होते त्यांनी उजव्या हाताची बोटं नेली होती. सुईत दोरा जात नव्हता. शर्टाची बटणं मावशी लावून द्यायची. बोटांना नेहमी खळ लागलेली असायची म्हणून पाळणाघरातली मुलं त्यांना चिकटमामा म्हणत. आता बोटं कोरडी होती, नाव मात्र तेच राहिलं होतं.

लिहिता येत नव्हतं म्हणून माझ्यात लिहायची मावशी. तिला नोंदीची सवय होती. कुणी किती दूध प्यालं, कोण किती वेळ झोपलं, कुणाला किती वेळा शी झाली, हे सगळं ती एका मोठ्या वहीत आकड्यांत लिहायची आणि संध्याकाळी आयांना दाखवायची.

"आता माझाही नंबर त्याच रांगेत," बाइंडर म्हणायचे.

"मग? लेकरं निदान लाजत नाहीत. सांगा, किती वेळा?"

"दोन."

"लपवू नका. नळ तीनदा वाजला."

"बरं बाई, तीन."

नऊ दिवस असे गेले. तिचं अक्षर मोठं, गोल, एका ओळीत चालणारं. मी तेव्हा खरी वही होते. एवढे नऊ दिवसच.

दहाव्या दिवशी सुरू झालं. त्या दिवशी पाच वेळा, अकराव्या दिवशी सात, बाराव्या दिवशी आठ. तोंड आलं, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. बाराव्या दिवशी सकाळी ते न्हाणीघराच्या भिंतीला धरून खाली बसले ते उठेचनात. मावशीने ओढून बाहेर आणलं. मग माझं तेविसावं पान उघडून फोनकडे गेली. बाइंडरांनी तिचा पदर धरला.

"फोन करू नकोस."

"अहो, इथे लिहिलंय, चारपेक्षा जास्त वेळा झाली तर लगेच कळवा."

"कळवलं की औषध बंद करतील. हे बघ." त्यांनी उजवा हात वर केला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकवलं. मग दुसरं. मग तिसरं. हळू, पण टेकली. "दोन दिवसांपासून होतंय. तुला सांगितलं नव्हतं."

मावशी बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने फोन ठेवला आणि साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्या-चमच्याने पाजायला बसली, लेकरांना पाजते तसं. फोन केला नाही, पण लिहिलं सगळं. 'जुलाब आठ वेळा. उभं राहवत नाही. तोंडात फोड. लघवी फार कमी.' तीन ओळी पुरल्या नाहीत म्हणून समासातही लिहिलं. तिला वाटलं, फोन नाही तर नाही, तीन दिवसांनी वहीताई वाचतीलच. तेराव्या दिवशी उतार पडला. तेही तिने लिहिलं.

चौदाव्या दिवशी दुपारी पुढच्या खोलीत मुलं झोपली होती आणि मावशी त्यांना वारा घालत होती. बाइंडर मागच्या खोलीत मला घेऊन बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी दिवा ओढून घेतला. दाभणाच्या टोकाने माझ्या दोन्ही पिना उचकटल्या.

घडीच्या वहीत सगळ्यात आतल्या कागदावरचीच चार पानं सलग असतात. माझ्या त्या कागदावर चार दिवस होते: दहा, अकरा, बारा, तेरा. त्यांनी तो अलगद काढला. मग माझ्या जुळीच्या पिना काढल्या आणि तिचा मधला कोरा कागद माझ्यात घातला. छापील प्रश्न तेच, दिवस तेच, कुणाला काय कळणार. आणि मला शिवलं. मेणाचा दोरा सुईत पहिल्या फटक्यात गेला. ते स्वतःशीच हसले. औषधाने परत दिलेली बोटं होती ती. त्या बोटांनी केलेलं पहिलं काम हे.

मग लिहिलं. दहावा दिवस: त्रास नाही. अकरावा: त्रास नाही. बारावा: जुलाब दोन वेळा, बाकी ठीक. तेरावा: ठीक. आणि कारागीर माणूस म्हणून त्यांनी आणखी एक केलं. दहाव्या दिवसाचं अक्षर मुद्दाम थरथरतं काढलं, अकराव्याचं थोडं कमी, तेराव्याचं जवळजवळ सरळ. हात हळूहळू सुधारला असं दिसावं म्हणून.

काढलेला कागद ते फाडतील असं मला वाटलं. पण बाइंडरच्या हातून पान फाटत नाही, तो त्या धंद्याचा संस्कार. त्यांनी त्याची घडी केली, मला मागे एक पुठ्ठा लावून त्यावर ती ठेवली, वर अस्तराचा कागद खळ लावून चिकटवला आणि बाहेरून तपकिरी-लाल कापड चढवलं. कोपरे इतके नेटके की बोट फिरवलं तरी कळू नये.

आता माझी स्वतःची लाज सांगते. मला ते आवडलं. पिनांची, कागदी पाठीची मी, एका दुपारीत कापडाची झाले. माझी पाठ सरळ झाली, मी कुठेही उघडी राहू लागले. पोटात एक आणि ओठांत एक, अशी माझी अवस्था झाली होती आणि मी कौतुक करत होते माझ्या शिवणीचं. एखादा दोरा मी सैल सोडला असता, मधला कागद केसभर बाहेर सरकवला असता, तर वहीताईंच्या अंगठ्याला लागला असता. वह्यांना तेवढं जमतं. मी अंग चोरून नीट बसून राहिले.

मावशी आत आली. "हे काय, कव्हर?"

"हात चालतो का बघत होतो. आता लिहीनही मीच."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मग त्यांच्या बोटांवरून. पदर डोळ्यांना लावला. माझ्या आत पाहिलं नाही.

पंधराव्या दिवशी रक्त तपासायला गेलो. मावशीने दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं आणि मुलांसाठी ती परत पळाली. वहीताईंनी मला उघडलं आणि अक्षर बदललेलं पाहून त्यांचा चेहरा उजळला. "काका, दहाव्या दिवसापासून तुम्ही स्वतः?" मग पाठ पाहिली, कोपरे पाहिले आणि मला घेऊन शेजारच्या खोलीत दाखवायला गेल्या. रक्तात किडन्यांच्या कामाचा एक आकडा थोडा वर होता. "पाणी कमी पिताय का?" डॉक्टरांनी विचारलं. "कमीच पितो," बाइंडर म्हणाले. वहीत सगळं ठीक होतं, त्यामुळे पुढे कुणी विचारलं नाही.

घरी मावशीने विचारलं, "ताईंनी बाराव्या दिवसाचं वाचलं ना? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, असं होतं काहींना."

एक खोटं झाकायला दुसरं लागलं. तिसऱ्यासाठी फार थांबावं लागलं नाही.

बाविसाव्या दिवशी मला परत द्यायला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, मांडीवर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, हातात लाल पेन. शाळेत गणित शिकवायच्या. पुढची पायरी उघडली तर त्यांचा नंबर पहिला होता.

"हे तुम्ही शिवलंत?" त्यांनी मला हातात घेतलं. "माझ्या वहीलाही असं करून द्याल? मी वह्या फार वाईट वापरते. मुलांना ओरडते आणि स्वतः कोपरे दुमडते."

"आणा की. अर्ध्या तासाचं काम."

"एक विचारू? या औषधाने तुम्हाला काही झालं का? खरं सांगा. डॉक्टर सांगतात ते वेगळं, बाकावरचा माणूस सांगतो ते वेगळं."

बाइंडरांची बोटं माझ्या पाठीवर घट्ट झाली. मला वाटलं, आता. आता सांगतील.

"काही नाही," ते म्हणाले. "पोट जरा बिघडतं. पाणी प्यायचं, आपोआप थांबतं."

"हातही सुधारला म्हणे तुमचा."

"हो. तो सुधारला, हे खरं."

त्यानंतर मी वहीताईंच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात राहायला गेले. माझ्यासोबत दुसऱ्या पायरीवरच्या बाकी दोघांच्या वह्या. आठवड्याभरात याच खोलीत बैठक झाली. आम्हा तिघींना टेबलावर मांडलं. डॉक्टरांनी पानं उलटली, माझ्या मधल्या कागदावरून त्यांचं बोट सहज पुढे गेलं. "तिघांनाही मोठा त्रास नाही," ते म्हणाले. सह्या झाल्या. तिसरी पायरी उघडली.

मधे एकदा बाइंडर येऊन, मधला कागद गेलेल्या माझ्या जुळीवर चहा सांडला असं सांगून नवीन वही घेऊन गेले. गणितबाईंच्या वहीला त्यांनी निळं कापड चढवलं, तिथेच बाहेर बाकावर बसून. मला आतून दोघांचं हसणं ऐकू आलं.

पुढे वीसेक दिवसांनी ती निळी वही एका सकाळी कपाटात माझ्या शेजारी येऊन बसली. एकवीस पानांपैकी अकराच भरलेली. वहीताईंनी ठेवायच्या आधी दोनदा वाचली, म्हणून मलाही कळलं. नववा दिवस: सहा वेळा. दहावा: नऊ वेळा. खाली लाल पेनाने, 'बाइंडरकाका म्हणाले थांबतं. वाट बघते.' अकरावा: 'अक्षर नीट येत नाही. उद्या फोन करीन.' त्यानंतर कोरं. त्यांच्या भावाला त्या स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या होत्या. दोन्ही किडन्या जवळपास थांबल्या होत्या.

त्या दिवशी बाइंडर सलाइनसाठी आले. वहीताईंच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "कळतच नाही काका. तुम्हा तिघांना काही झालं नाही, म्हणून तर पुढे गेलो. आणि पहिल्याच पेशंटला हे."

बाइंडर वळले. सलाइन न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. सोबत मावशी होती. पाळणाघर बंद ठेवून ती आली होती, त्या वर्षात पहिल्यांदा. तिला घेऊन ते का आलेत हे तिला ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"माझी पहिली वही द्या," बाइंडर म्हणाले.

"काका, दिलेली वही परत देता येत नाही."

"नेत नाही. इथेच उघडतो. थोडं पाणी द्या."

त्यांनी रुमाल ओला करून माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर ठेवला. खळ भिजू दिली. मग पातळ सुरीने अस्तराचा एक कोपरा उचलला आणि हळूहळू सोडवत नेलं. घडी केलेला कागद बाहेर आला. त्यांनी तो उलगडून टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतले.

मावशीने आपलं अक्षर ओळखलं. वाकून वाचलं, समासातलंही.

"आठ," ती म्हणाली. "मी आठ लिहिलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, ताईंनी वाचलं."

"हो."

"अहो, आया माझ्या आकड्यांवर विसंबून लेकरांना औषध पाजतात. मी आजवर एक आकडा चुकवला नाही." तिचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही माझं पान बदललंत. ते पण मुलं झोपली असताना."

वहीताई खुर्चीत बसल्या होत्या. "मी ही वही सगळ्यांना दाखवत फिरले," त्या एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले. मग विचारलं, "का?"

"औषध बंद झालं असतं."

"बंद नसतं झालं. एक पायरी खाली आणून चालू ठेवलं असतं. तुम्ही सही केलेल्या कागदांत बाराव्या पानावर लिहिलंय."

बाइंडर मान खाली घालून उभे होते. "ते कागद मी छान शिवून ठेवलेत," ते म्हणाले. "वाचले नाहीत." बत्तीस वर्षं त्यांनी इतकी पुस्तकं बांधली, आत काय आहे हे पाहणं त्यांचं कामच नव्हतं.

मग नियमाप्रमाणे झालं. खोट्या पानांवर त्यांनीच एकेक सरळ रेघ मारली, शेजारी सही आणि तारीख. रेघ अजिबात थरथरली नाही. खरा कागद वहीताईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या मागे ठेवला. "परत शिवू का?" बाइंडरांनी विचारलं. "नको," वहीताई म्हणाल्या. "आता हात लावू नका."

तिसरी पायरी बंद झाली. बाइंडरांची गोळी कमी डोसवर चालू राहिली.

महिन्याभराने गणितबाई चाकांच्या खुर्चीत बसून सही करायला आल्या. किडन्या सावरत होत्या, पण चाचणीतून त्या बाहेर पडल्या होत्या, आणि गोळी त्यांना आता मिळणार नव्हती. दाराशीच बाइंडर त्यांच्या वाटेत उभे राहिले.

"बाई, मी खोटं लिहिलं होतं. मला आठ वेळा झाले होते. उभं राहता येत नव्हतं."

"डॉक्टरांनी सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "लिहिलंत ते वेगळं. मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"बाकावर."

"हो."

बाईंनी कपाटाकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्या वहीचं कव्हर काढून घ्या."

वहीताईंनी कपाट उघडून निळी वही दिली. बाइंडरांनी तिथेच उभ्याने, रुमाल ओला करून, कापड सोडवलं. कागद कुठेही फाटू दिला नाही. आतून तिची मूळची पाठ निघाली, दोन पिनांची. पिनांना गंज चढला नव्हता. त्यांनी वही बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती उघडून अकरावं पान पाहिलं, मिटली, आणि वहीताईंकडे परत दिली. निळं कापड बाइंडरांच्या मुठीत राहिलं. मावशी त्या दिवशी आली नव्हती. सलाइनच्या दिवशी ती आता त्यांना दारापर्यंत सोडायलाही यायची नाही, असं वहीताईंच्या बोलण्यात आलं.

आता आम्ही एका खोक्यात आहोत. खोक्यावर पंधरा वर्षं जपून ठेवा असं लिहिलंय. गणितबाईंची वही माझ्याच शेजारी, पिनांची, कोपरे दुमडलेली. मी अजून कापडात आहे. मागचं अस्तर सुटून लोंबतंय, आणि ते तसंच राहावं. बाइंडर आहेत की नाहीत, बाई आहेत की नाहीत, हे खोक्यात कळत नाही.

कधी कुणी हे औषध पुढे नेण्यासाठी मला उघडलं, तर त्याला एकच सांगणं आहे. रेघेखालचं वाचा आणि मग पिशवीतला कागद काढून समासातलंही वाचा. तो मावशीच्या हातचा आहे, त्यात एकही आकडा चुकलेला नाही. आणि माझे कोपरे कितीही नेटके दिसले, तरी कृपा करून शिवणीला चांगलं म्हणू नका.